सागरी संरक्षित क्षेत्रे आणि प्रवाळ शार्क

सागरी संरक्षित क्षेत्र म्हणजे समुद्राचा असा निश्चित केलेला भाग, जेथे मासेमारी व इतर मानवी व्यवहारांवर कायद्याने पूर्णतः किंवा अंशतः निर्बंध घातलेले असतात. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींच्या परिसरात राहणाऱ्या प्रवाळ शार्कच्या संवर्धनाचे ते एक प्रमुख साधन आहे. करडा प्रवाळ शार्क, काळ्या टोकाचा प्रवाळ शार्क, पांढऱ्या टोकाचा प्रवाळ शार्क आणि कॅरिबियन प्रवाळ शार्क या त्यांतील प्रमुख जाती होत. संरक्षित क्षेत्राची केवळ घोषणा पुरेशी ठरत नाही. बंदीची अंमलबजावणी, क्षेत्राचा विस्तार आणि क्षेत्राबाहेरील मासेमारीचे नियमन यांवर त्याचे यश अवलंबून असते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

संख्येतील घट

कल्ल्यांसाठी व मांसासाठी होणारी शिकार, तसेच इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत व गळांना अनवधानाने सापडणे, ही प्रवाळ शार्कची संख्या घटण्याची मुख्य कारणे आहेत. ग्लोबल फिनप्रिंट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात आमिष लावलेले कॅमेरे पाण्याखाली ठेवून ५८ देश व प्रदेशांतील ३७१ प्रवाळभित्तींची पाहणी करण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी जवळजवळ २० टक्के भित्तींवर एकही शार्क आढळला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत करडा व कॅरिबियन प्रवाळ शार्क संकटग्रस्त, तर काळ्या व पांढऱ्या टोकाचे प्रवाळ शार्क असुरक्षित या वर्गात मोडतात.

संरक्षण कसे घडते

प्रवाळ शार्कची वाढ सावकाश होते. करड्या प्रवाळ शार्कच्या मादीला प्रौढ होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागतो आणि एका वेळी तिला एक ते सहा पिल्ले होतात. त्यामुळे मोजक्या प्रौढ माद्या मारल्या गेल्या, तरी ती तूट भरून निघण्यास अनेक वर्षे जातात. मासेमारी थांबल्यास प्रौढ माद्या जगतात व पुन्हा पुन्हा प्रजनन करू शकतात.

दुसरे कारण शार्कच्या वावराशी निगडित आहे. खुल्या समुद्रात हजारो किलोमीटर भटकणाऱ्या शार्कच्या तुलनेत अनेक प्रवाळ शार्क दीर्घकाळ एकाच भित्तीच्या आसपास राहतात. म्हणून ठरावीक सीमा असलेले क्षेत्र त्यांना उपयोगी पडते. मात्र क्षेत्र फार लहान असल्यास शार्क वारंवार सीमेबाहेर जातात व तेथे पकडले जातात. मासेमारीबंदीमुळे शार्कचे भक्ष्य असलेल्या माशांनाही संरक्षण मिळते.

अ‍ॅशमोर प्रवाळभित्ती

घोषणा आणि अंमलबजावणी यांतील अंतर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर, इंडोनेशियाच्या रोटे बेटाच्या दक्षिणेस असलेल्या अ‍ॅशमोर प्रवाळभित्तीच्या उदाहरणातून स्पष्ट होते. या भित्तीला १९८३ मध्ये राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तरी तेथील शार्कची शिकार थांबली नाही. २००८ मध्ये तेथे गस्ती नौका तैनात झाली आणि बंदी कठोरपणे अमलात आली. त्यापूर्वी २००४ मध्ये केलेल्या कॅमेरा पाहणीत करड्या प्रवाळ शार्कचे प्रमाण तासाला सरासरी ०.१६ होते, २०१६ मध्ये ते ०.७४ झाले, म्हणजे चौपटीहून अधिक वाढले. या काळात लहान जातींच्या शार्कचे प्रमाण घटले व मोठ्या जातींचे वाढले. २०१६ मधील स्थिती दीर्घकाळ संरक्षित असलेल्या रोली शोल्स या भित्तीसमूहासारखी असल्याचे आढळले.

ग्रेट बॅरियर रीफ

ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाची स्थापना १९७५ मध्ये झाली. २००४ च्या पुनर्रचनेत उद्यानाच्या सुमारे ३३ टक्के भागात मासेमारी बंद करण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जेथे नौकांनाच प्रवेश नाही अशा भित्तींच्या तुलनेत मासेमारी चालणाऱ्या भित्तींवर प्रवाळ शार्कची संख्या खूपच कमी असल्याचे दिसले. ज्या भागात नौका नेता येतात पण मासे पकडता येत नाहीत, तेथील संख्याही प्रवेशबंदी क्षेत्रापेक्षा बरीच कमी होती. अशा भागात चोरटी मासेमारी रोखणे अवघड असते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

स्थानिक समाज

संरक्षणाचा भार बहुधा किनाऱ्यावरील मच्छीमारांवर पडतो. त्यामुळे त्यांचा सहभाग महत्त्वाचा ठरतो. फिजीतील शार्क रीफ सागरी राखीव क्षेत्रात पाणबुड्या पर्यटकांकडून घेतलेले शुल्क मासेमारीचा हक्क सोडणाऱ्या गावांना दिले जाते. पलाउने २००९ मध्ये आपल्या संपूर्ण सागरी आर्थिक क्षेत्रात शार्कच्या व्यापारी शिकारीवर बंदी घालून जगातील पहिले शार्क अभयारण्य घोषित केले. शार्क पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांपासून पलाउला वर्षाला सुमारे १.८ कोटी अमेरिकी डॉलर मिळतात, असा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला.

मर्यादा

क्षेत्र जितके मोठे, तितकी गस्त कठीण होते. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाभोवती २०१० मध्ये सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. परंतु तेथे शार्कची अवैध शिकार चालूच राहिली. मॉरिशसशी योग्य सल्लामसलत न करता ब्रिटनने हे क्षेत्र घोषित केले, असा निर्णय २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने दिला. पाण्याचे तापमान वाढून होणारे प्रवाळांचे विरंजनही मासेमारीबंदीने थांबत नाही. संरक्षित क्षेत्राला देशपातळीवरील मासेमारी नियमांची जोड मिळाल्यास शार्कना अधिक लाभ होतो.

भारत

भारतात लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथील प्रवाळभित्तींवर प्रवाळ शार्क आढळतात. अंदमानातील वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. शार्कचे कल्ले कापून उरलेले शरीर समुद्रात फेकण्यास २०१३ मध्ये आणि कल्ल्यांच्या निर्यातीस २०१५ मध्ये बंदी घालण्यात आली. मात्र भारतात शार्कच्या सर्वच जातींच्या मासेमारीवर बंदी नाही. कोकणात मुशी किंवा मोरी या नावाने लहान शार्क खाण्यासाठी विकले जातात.