तिसरीला बालसखी की चौथीला?

शिकवणं आणि शिकणं : लेखांक ५

वर्गात नवी पद्धत आली, वर्षअखेर मुलांचे गुण वाढले, म्हणजे पद्धत चांगली, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तिसरीतलं मूल वर्षभरात काही ना काही शिकतंच. ते वयानं वाढतं, घरात ताईचं बघून वाचायला लागतं, बाईंचा लळा लागतो, कुणाची शिकवणी सुरू होते. जूनचे आणि एप्रिलचे गुण शेजारी मांडून त्यातला पद्धतीचा वाटा किती आणि बाकी सगळ्याचा किती, हे सांगता येत नाही. दोन शाळा शेजारी मांडल्या तरी तीच अडचण येते. केनियातले उलटायचे तक्ते आपण गेल्या लेखात पाहिले. ज्या शाळांत ते आधीपासून होते तिथली मुलं पुढे दिसत होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांना तेच तक्ते दिले, तेव्हा गुणांत फरक पडला नाही. तक्ते मिळवू शकणाऱ्या शाळा मुळातच बऱ्या स्थितीतल्या होत्या, एवढाच काय तो अर्थ.

आज आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. या विषयावर जगभर जे बोललं जातं, त्यातला मोठा भाग मुंबई महापालिकेच्या शाळांतून गेलेला आहे आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही, याची मला खंत वाटते.

नव्वदच्या दशकात 'प्रथम' ही संस्था मुंबईतल्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून सुरू झाली. महापालिकेच्या शाळांत काम करताना एक गोष्ट ठळकपणे दिसू लागली. मुलं शाळेत येत होती, पुढच्या इयत्तेत जात होती आणि तिसरी-चौथीतही कित्येकांना अक्षरओळख नव्हती. बाई पाठ्यपुस्तकाबरोबर पुढे जात. जायलाच हवं, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी त्यांच्यावर. मागच्या बाकावरचं मूल फळ्यावरचं उतरवून घेई. वही भरलेली, अक्षर वळणदार, आणि त्यातलं एक वाक्य वाच म्हटलं की मूल गप्प. असं मूल ज्यांनी पाहिलंय त्यांना आकडेवारीची गरज लागत नाही. तरीही एक आकडा सांगतो. पुढे वडोदऱ्यात मोजणी झाली, तेव्हा पहिलीच्या गणिताचे प्रश्न बरोबर सोडवू शकणारी मुलं तिसरीच्या वर्गात शंभरात वीससुद्धा नव्हती.

त्यावर काढलेला उपाय म्हणजे बालसखी. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती चार तासांच्या शाळेतले दोन तास वेगळं घेऊन बसे. रिकामी खोली असली तर खोलीत, नाहीतर व्हरांड्यात किंवा मैदानात. तिथे तिसरीचं पुस्तक बाजूला ठेवून अक्षरं, शब्द, अंक, साधी बेरीज-वजाबाकी असं पायापासून चाले. १९९८मध्ये मुंबईत सुरुवात झाली, पुढच्या वर्षी वडोदऱ्यात.

उपयोग होतोय असं सगळ्यांनाच वाटत होतं. होतोय का, हे तपासायचं ठरलं. २००१ ते २००३ या दोन शालेय वर्षांत अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी 'प्रथम'बरोबर दोन्ही शहरांत ही चाचणी केली.

इथे पहिला प्रश्न उभा राहतो तो न्यायाचा. तुलना करायची तर काही मुलांना बालसखी मिळता कामा नये. मुख्याध्यापकांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? यावर काढलेली तोड मला फार आवडते. वडोदऱ्यात पहिल्या वर्षी निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी दिली आणि उरलेल्या निम्म्या शाळांत चौथीला. कोणती शाळा कोणत्या गटात, हे केवळ चिठ्ठीनं ठरलं. एकही शाळा रिकाम्या हातानं गेली नाही, तरी एका गटातल्या तिसरीची दुसऱ्या गटातल्या तिसरीशी तुलना करता आली. पुढच्या वर्षी इयत्तांची अदलाबदल झाली. मुंबईतही आखणी याच धर्तीची होती.

चिठ्ठीला इतकं महत्त्व का? मुख्याध्यापकांना निवड करू दिली असती, तर जिथे गरज जास्त तिथे, किंवा जिथे बाई उत्साही तिथे बालसखी गेली असती. दोन्ही बाबतीत तुलना वाकडी झाली असती. चिठ्ठी कुणाची गरिबी बघत नाही की कुणाचा उत्साह. पुरेशा शाळा असतील तर दोन्ही गटांत चांगल्या बाई, गळकी छपरं, शिकवणी लावणारे पालक साधारण सारखेच येतात आणि फरक उरतो तो बालसखीचा.

दुसरी काळजी घेतली ती गैरहजर मुलांची, आणि हा भाग सहसा कुणी सांगत नाही. समजा, बालसखीमुळे कच्ची मुलं शाळेत टिकली आणि दुसऱ्या गटातली कच्ची मुलं गळाली. वर्षअखेर हजर असलेल्यांचीच परीक्षा घेतली, तर बालसखीच्या शाळांची सरासरी उलट खाली दिसेल. मदत झाली म्हणूनच आकडा वाईट! म्हणून चाचणी घेणारे शाळेत पुन्हा पुन्हा गेले आणि तरी न सापडलेल्या मुलांच्या घरी गेले. कुठल्याही शैक्षणिक अहवालात गुणवाढीचा आकडा दिसला, की परीक्षेला कोण बसलं नव्हतं हे आधी विचारावं.

निकाल असा लागला. पहिल्या वर्षी बालसखी असलेल्या इयत्तांचे सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनानं जास्त होते, दुसऱ्या वर्षी ०.२८नं. हे परिमाण रुक्ष वाटतं, तेव्हा असं समजा : शंभर मुलांना गुणांप्रमाणे ओळीत उभं केलं, तर बरोबर मधलं मूल ०.२८च्या वाढीनं साधारण अकरा मुलांच्या पुढे सरकतं. अख्ख्या इयत्तेच्या सरासरीसाठी ही वाढ मोठी आहे. त्यातही सर्वांत जास्त फायदा तळातल्या मुलांचा झाला, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्यांचा. खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलरच्या आसपास.

पण माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती वर्गात राहिलेल्या मुलांची आहे. पंधरा-वीस मुलं दोन तास बाहेर गेली की उरलेला वर्ग लहान होतो. पट कमी झाला की शिकणं सुधारतं, ही आपली जुनी श्रद्धा. तरीही आत राहिलेल्या मुलांच्या गुणांत काही वाढ झाली नाही. बाई त्याच, पुस्तक तेच, शिकवण्याची रीत तीच. फक्त बाकं रिकामी. बाहेर गेलेल्यांसाठी मात्र धडा कुठून सुरू करायचा हे बदललं होतं. लहान वर्ग कधीच उपयोगी नसतो, असं यावरून म्हणता येणार नाही. पट कमी केला म्हणजे काम झालं, असं मानायलाही आता जागा नाही.

वडोदऱ्यात संगणकाचीही चाचणी झाली. सरकारनं शाळांना दिलेले संगणक बहुतेक ठिकाणी वापराविना पडून होते. चौथीच्या मुलांना जोडीनं बसवून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले. गणितात दुसऱ्या वर्षी ०.४७ची वाढ दिसली. खर्च मात्र मुलामागे पंधरा डॉलरच्या वर.

आणि कडू भाग. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा वाढ ओसरून ०.१०च्या आसपास आली होती. संशोधकांनी हेही छापलं, म्हणूनच त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

पुढचा प्रश्न साहजिक होता : बालसखीऐवजी सरकारी शिक्षकांनीच मुलांच्या पातळीप्रमाणे शिकवलं तर? बिहारमध्ये २००८च्या उन्हाळ्यात शिक्षकांनी महिनाभर शिबिरं घेतली आणि मुलांचं वाचन सुधारलं. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, आणि नुसत्या त्यानं काहीच हललं नाही. शिक्षकांना येत नव्हतं म्हणावं, तर उन्हाळ्यात त्यांनीच करून दाखवलं होतं. शाळेच्या दिवसात अभ्यासक्रम पुन्हा मानगुटीवर बसला. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेत पाठवले, तर त्यांना नेहमीच्याच वर्गांवर घेतलं गेलं, परिणाम शून्य.

मग हरियाणात दिवसातला एक तास यासाठी राखून ठेवला. त्या तासाला तिसरी, चौथी, पाचवी ही नावं बाजूला. मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे की परिच्छेदावर, त्याप्रमाणे गट. गट साधन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन बघायचं, हेही ठरलं. हिंदीत ०.१५ची वाढ मिळाली, गणितात काही नाही.

त्याच हरियाणात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही चिठ्ठी टाकून चाचणी झाली. आपल्याकडच्या शिक्षकांना हे नाव सांगायला नको. आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी. 'वाचनात सुधारणा आवश्यक' हे वाक्य रात्री बसून नोंदवहीत लिहिणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. हरियाणात या मूल्यमापनानं मुलांच्या गुणांत मोजता येईल असा फरक पडला नाही. मूल वाचू शकत नाही, हे नोंदवहीला कळलं. दुसऱ्या दिवशीचा तास मात्र आधीच्याच पानावरून सुरू झाला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं ही पद्धत देशभर आणली, तेव्हा अशी चाचणी आधी झाली असती, तर शिक्षकांचे किती तास मुलांसाठी वाचले असते!

'मुलांवर प्रयोग कसले करता?' हा आक्षेप मी अनेक शिक्षकांकडून ऐकलाय आणि त्यामागची कळकळ मला समजते. पण दर दोन-चार वर्षांनी नवं परिपत्रक येतं, सगळ्या शाळांना एकदम लागू होतं आणि ते लागू झालं नसतं तर काय झालं असतं, हे सांगायला एकही शाळा मागे उरत नाही. निम्म्या जिल्ह्यात यंदा आणि निम्म्यात पुढच्या वर्षी, एवढा बदल केला तरी पुष्कळ कळेल. सगळीकडे एकदम सुरू करण्याइतके प्रशिक्षक बहुतेक वेळा नसतातच; तालुक्यांचा क्रम लावावाच लागतो. तो क्रम चिठ्ठीनं लावायला वेगळा निधी लागत नाही. आधी आणि नंतर मुलांना एक-एक करून वाचायला सांगायला मात्र माणसं लागतात, आणि त्यासाठी पैसे ठेवायला हवेत.

पुढच्या लेखात : दिल्लीत संगणकानंच मुलाची पातळी ओळखून प्रश्न विचारले, तेव्हा काय झालं.