हृदयझडपेचा विकार आणि भीतीचे झटके : वागळे इस्टेटमधील कामगारजीवनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मराठी भाषेने हृदय आणि मन यांच्यातील सीमारेषा फार पूर्वीच पुसट करून ठेवली आहे. भीती वाटली की काळजाचा ठोका चुकतो, वाईट बातमी कळली की छातीत धस्स होते, वाट पाहताना जीव वरखाली होतो. यातील 'काळीज' हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने हृदय नसून यकृत होय, हेही सोडून देता येईल. बोलणाऱ्याचा आशय ऐकणाऱ्याला अचूक पोहोचतो. अडचण निर्माण होते ती दवाखान्यात. 'डॉक्टर, जीव घाबरा होतो' या एका वाक्यात हृदयाची अनियमित गती, फुप्फुसात साचणारे पाणी, रक्तक्षय आणि निव्वळ भीती यांपैकी काहीही दडलेले असू शकते. ज्याच्या हृदयाच्या झडपेत खरोखरच दोष आहे आणि ज्याला भीतीचे झटकेही येतात, त्याच्या बाबतीत तर हे वाक्य उलगडणे अधिकच कठीण होते.

ठाण्यातील वागळे इस्टेट ही या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य जागा आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेचा समारंभ येथेच तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झाला. पुढे यंत्रे, रसायने, औषधे, छपाई यांचे कारखाने आले. त्यांतील अनेक बंद पडले आणि त्या भूखंडांवर संगणकक्षेत्राच्या इमारती उभ्या राहिल्या. कामगार विमा योजनेचे रुग्णालयही याच वसाहतीत उभारण्यात आले, तर ठाण्याचे १९०१ सालापासूनचे मनोरुग्णालय येथून फार दूर नाही. किसननगर, श्रीनगर, अंबिकानगर येथील दाट वस्ती, ठाणे स्थानकावरील गर्दी, परिवहनच्या बसमधील उभ्याने प्रवास आणि पाळ्यांची नोकरी हे येथील रुग्णाचे नित्याचे जग आहे. त्याची छाती धडधडते ती याच जगात.

झडपेचा दोष आणि ठोक्यांचे गणित

हृदयातील चार झडपांचे काम रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणे हे होय. भारतातील झडपविकारांचे एक प्रमुख कारण म्हणजे संधिवाताभ ज्वर. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि या दुखण्याचा विसर पडल्यावर कित्येक वर्षांनी डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधील द्विदल झडप आखडल्याचे लक्षात येते. निरोगी प्रौढ व्यक्तीत या झडपेची उघडीप सुमारे ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ती दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की विकार तीव्र समजला जातो.

येथे एक साधे गणित समजून घेणे आवश्यक आहे. नाडी मिनिटाला ७० असताना एका ठोक्याच्या वाट्याला सुमारे ०.८६ सेकंद येतात. नाडी १२० झाली की केवळ अर्धा सेकंद उरतो. हृदयाच्या आकुंचनाचा काळ थोडाच घटतो. मोठी कपात होते ती हृदय सैलावून रक्ताने भरण्याच्या काळात. निरोगी हृदयाला ही कपात सहज झेपते. आखडलेल्या झडपेतून मात्र रक्त तेवढ्या वेळात खाली उतरू शकत नाही, अलिंदातील दाब वाढतो, तो मागे फुप्फुसापर्यंत पोहोचतो आणि दम लागतो. म्हणजे अशा रुग्णाला भीतीमुळे लागणारा दम हा 'मनाचा खेळ' राहत नाही. भीतीने नाडी वाढते, वाढलेल्या नाडीने खराखुरा दम लागतो आणि त्या दमाने भीती दुणावते. 'तुम्हाला काही झालेले नाही, उगीच घाबरता' हे वाक्य या रुग्णाच्या बाबतीत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.

याउलट, द्विदल झडपेचा पडदा आकुंचनाच्या वेळी अलिंदाकडे फुगणे, ज्याला मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स म्हणतात, हा विकार बहुतांश रुग्णांत सौम्य असतो. गळती नसेल किंवा अत्यल्प असेल तर वाढलेल्या नाडीने सहसा अपाय होत नाही. 'झडपेचा विकार' हे नाव दोघांनाही लागू पडते, परंतु एकाच भीतीचे परिणाम दोन शरीरांत निराळे होतात. आपल्या कोणत्या झडपेत, कोणत्या प्रकारचा आणि किती तीव्रतेचा दोष आहे हे रुग्णाला स्वतःच्या भाषेत सांगता येणे ही म्हणूनच उपचाराची पहिली पायरी ठरते. अनेकांना केवळ 'व्हॉल्व्हचा प्रॉब्लेम आहे' एवढेच ठाऊक असते, आणि या मोघमपणात भीतीला भरपूर जागा मिळते.

एका संबंधाचा इतिहास

धडधडणारे हृदय आणि भ्यालेले मन यांच्या संबंधाची वैद्यकीय चर्चा जुनी आहे. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या तक्रारींवर जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये लेख लिहिला. या सैनिकांना धडधड, छातीत दुखणे, थकवा जाणवे. हृदयात मात्र ठोस दोष सापडत नसे. पहिल्या महायुद्धात थॉमस ल्युइस यांनी अशाच रुग्णांचा अभ्यास केला. १९६० च्या दशकात जोहान्सबर्गचे जॉन बार्लो यांनी फुगणाऱ्या झडपेचे वर्णन केले आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात भीतीच्या झटक्यांच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह अनेकांना झाला. प्रोलॅप्स असलेल्यांना भीतीचे झटके अधिक येतात, असे सांगणारे निबंध त्यानंतर प्रसिद्ध झाले. तसा संबंध नाकारणारेही झाले.

या गोंधळाचे एक कारण मोजमापात होते. द्विदल झडपेचे कडे सपाट नसून घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले असते. हे ध्यानात येण्यापूर्वी प्रतिध्वनी-चित्रणाच्या एका विशिष्ट कोनातून निरोगी झडपही फुगलेली दिसत असे. निकष सुधारल्यानंतर, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेमिंगहॅम येथील अभ्यासात, प्रोलॅप्सचे प्रमाण २.४ टक्के आढळले. पूर्वीचे काही अंदाज याच्या कित्येक पट होते. झडपेमुळेच भीतीचे झटके येतात, असे आज ठामपणे म्हणता येत नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि तसे असल्यास दोन्हींवर उपचार करावे लागतात.

भीतीचे चक्र

भीतीचा झटका काही मिनिटांतच शिखर गाठतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. धडधड, घाम, थरथर, गुदमरणे, बोटांना मुंग्या, चक्कर आणि 'आता आपण मरणार' ही खात्री ही त्याची लक्षणे होत. मुंग्या व चक्कर यांमागे प्रामुख्याने जलद श्वसन असते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार झटक्याचे मूळ संवेदनेत नसून तिच्या अनर्थकारी अन्वयार्थात असते. जिना चढल्यावर ठोका जोरात पडतो. निरोगी माणूस तो विसरतो. झडपविकाराचा रुग्ण मात्र थांबतो, मनगट चाचपतो, 'झडप बिघडली' असे म्हणतो, आणि पुढचा ठोका त्याहून जोरात पडतो.

या रुग्णाची खरी कोंडी येथे आहे. इतरांना 'तुमचे हृदय ठणठणीत आहे' असे सांगून हा अन्वयार्थ खोडता येतो. त्याला तसे सांगता येत नाही, कारण त्याच्या भीतीला अहवालाचा आधार आहे.

अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा उपयोग अशा वेळी होतो. ही पद्धती भारतात रुजविण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने ती मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाची केली. वास्तव नाकारावे असे ही पद्धती सांगत नाही. 'माझ्या झडपेत दोष आहे' हे विधान सत्य आहे. 'म्हणून प्रत्येक धडधड ही मरणाची सूचना आहे' हे विधान त्यातून निष्पन्न होत नाही. ही दोन विधाने वेगळी करणे ऐकायला सोपे आहे. रात्री दोन वाजता, घरातील सर्व निजलेले असताना, ते अजिबात सोपे नसते.

धातूची कृत्रिम झडप बसविलेल्यांची एक निराळी व्यथा असते, तिचा उल्लेख क्वचितच होतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय बनावटीची झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम मानवी शरीरात बसविण्यात आली. अशा यांत्रिक झडपांच्या बंद होण्याचा बारीक टकटक आवाज शांत खोलीत स्वतःला आणि कधी शेजारी निजलेल्यालाही ऐकू येतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो आवाज मोजत जागणारे रुग्ण असतात. तो झडप नीट चालत असल्याचा आवाज आहे, आणि तो अचानक दबला किंवा बदलला तरच तातडीने डॉक्टरांकडे जावे, हे शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवतानाच सांगितले गेले तर बरीच झोप वाचेल.

भेद कसा करावा

झटक्यात नाडी जलद होते, पण बहुधा नियमित राहते. आखडलेल्या झडपेच्या रुग्णांत आढळणाऱ्या अलिंदाच्या तंतुकंपनात ती पूर्णतः बेताल होते, आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडीचा ताल तपासणे प्रत्येक रुग्णाला शिकविता येते. मात्र ते दिवसातून वीस वेळा करणे हा चिंतेचाच एक आविष्कार होय. काही रुग्णांत धडधड कळ दाबल्यासारखी एकाएकी सुरू होते व तशीच थांबते. त्यामागे हृदयाच्या विद्युत्‌मार्गाचा दोष असू शकतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा १०७ रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण भीतीच्या झटक्यांच्या निकषांत बसत होते आणि निम्म्याहून अधिकांचे मूळ दुखणे पहिल्या तपासणीत निसटले होते. स्त्रियांच्या बाबतीत ही चूक अधिक झाली, हे येथील कोणत्याही बाह्यरुग्ण विभागाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रात्रीचा दम विशेष फसवा असतो. आडवे झाल्यावर काही तासांनी खोकला व गुदमरण्याने जाग येणे आणि उठून बसल्यावरच आराम पडणे हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचे लक्षण असू शकते. श्रम करताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे न थांबणे, गुलाबी फेसाळ थुंकी, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास 'हा झटकाच असेल' असा विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रेंगाळणारा तापही झडपेच्या रुग्णाने अंगावर काढू नये. या कसोट्या ठाऊक असल्या की उरलेल्या प्रसंगांत थोडे थांबून पाहण्याचे धैर्य येते.

उपचारांतील सांधे

झटक्याच्या वेळी श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय हृदयरुग्णाने करू नये. दम खरा असेल तर त्याने प्राणवायू आणखी घटतो. भीतिदायक संवेदना मुद्दाम निर्माण करून त्यांची सवय करविण्याची एक परिणामकारक पद्धत डेव्हिड बार्लो यांच्या नावाशी निगडित आहे. (झडपेचे बार्लो आणि भीतीचे बार्लो हे दोन निराळे गृहस्थ, हा योगायोग विद्यार्थ्यांना हमखास फसवतो.) जागच्या जागी धावणे, जिना चढणे असे हे सराव असतात. सौम्य प्रोलॅप्समध्ये ते बहुधा करता येतात. तीव्र आखडलेल्या झडपेत हृदयरोगतज्ज्ञाने मर्यादा आखून दिल्याशिवाय करू नयेत.

औषधांच्या बाबतीत दक्षता हवी. नाडी मंद करणारी बीटा-रोधक औषधे आखडलेल्या झडपेला भरण्यासाठी वेळ मिळवून देतात आणि धडधडही कमी करतात. दमा असल्यास मात्र ती टाळावी लागू शकतात, आणि ती एकाएकी बंद करू नयेत. सर्ट्रालिनसारखी भीतीवरील औषधे अनेक हृदयरुग्णांना देता येतात, तथापि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल यांच्या जोडीने ती घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. म्हणून रक्ततपासणी लवकर-लवकर करावी लागते. रक्तक्षय व थायरॉइड यांची तपासणी तर आधीच व्हावी, कारण धडधडीची ही दोन्ही साधी कारणे आहेत आणि ती आखडलेल्या झडपेचा त्रास वाढवतात.

संधिवाताभ ज्वर उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथिन पेनिसिलिन हा भीती आणि झडप यांना सांधणारा एक दुर्लक्षित विषय आहे. ते इंजेक्शन फार दुखते. त्यानंतर दगावलेल्या मोजक्या रुग्णांचे मृत्यू आजवर औषधाच्या ॲलर्जीमुळे समजले जात. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रसिद्ध केलेल्या सल्ल्यात, झडपविकार तीव्र असलेल्यांमध्ये वेदना व भीतीने नाडी आणि रक्तदाब कोसळणे हे अधिक संभवनीय कारण असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे अशा रुग्णांना तोंडाने घ्यावयाचे औषध देण्याचा विचार व्हावा, आणि इतरांनी उपाशीपोटी न जाता, पुरेसे पाणी पिऊन, आडवे होऊन इंजेक्शन घ्यावे. येथे रुग्णाचे घाबरणे हा चेष्टेचा विषय न राहता उपचारात मोजावयाचा घटक ठरतो.

दोन फायली

किसननगरात राहणारी, वागळे इस्टेटमधील कारखान्यात जुळणीचे काम करणारी, द्विदल झडप आखडलेली एखादी तिशीतील कामगार स्त्री कल्पनेत आणावी. तिची हृदयाची फाइल एका रुग्णालयात असते. झोपेची गोळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिलेली असते, तिची नोंद कोठेही नसते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळाला तरी 'ठाण्याला दाखवायला नेले' या बोलण्याला मराठीत जो विषारी अर्थ चिकटला आहे, त्यामुळे ती जात नाही. घरातील मंडळी एकतर 'तिला काही सांगू नका, हार्टची आहे' म्हणून तिच्यापासून सर्व काही लपवितात, नाहीतर 'नाटके करते' म्हणतात. लग्नाच्या वेळी दुखणे झाकले गेले असेल तर भीतीत लाजेची भर पडते. आणि गरोदरपणात रक्ताचे आकारमान वाढून झडपेवरील ताण प्रत्यक्षात वाढतो, तेव्हा तिची तक्रार सर्वांना जुनीच वाटते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारांवरील उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची शासकीय दूरध्वनी सेवा सुरू झाली. नाव न सांगता, घरबसल्या, मराठीत बोलता येणे ही या स्त्रीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. तिने सोबत बाळगावयाचा कागद मात्र एकच असावा : झडपेचे नाव, उघडीप किती, नेहमीच्या नाडीची गती व ताल, चालू असलेली सर्व औषधे, झोपेच्या गोळीसह, आणि झटके केव्हापासून व किती वेळा येतात याची नोंद. हा कागद हृदयरोगतज्ज्ञाने व मनोविकारतज्ज्ञाने, दोघांनीही वाचून त्यावर आपापल्या तारखा घालाव्यात.