राज्य आणि देव (भाग ७) : वरचा एक कार्षापण

गेल्या रविवारी जामखेडहून खर्ड्याकडे जाताना लागणाऱ्या एका मळ्यात कंदुरीचं जेवण होतं. नातवाचं दुखणं बरं झालं तर दर्ग्याला बोकड देईन, असा तात्यांचा दोन वर्षांपूर्वीचा नवस. तात्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा आणि भवानी. धाकटी सून माळकरी, त्यामुळे ती त्या दिवशी मोठ्या चुलीकडे फिरकलीसुद्धा नाही. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या चारपाच जणांसाठी बांधाच्या पलीकडे वेगळ्या पातेल्यात आमटी शिजत होती. मुलाणी मोटारसायकलवर आला, दगडावर सुरी दोनदा घासली, बिस्मिल्ला म्हणाला आणि काम उरकून मोकळा झाला. दर्ग्याला मलिद्याचा निवद गेला, फातेहा झाला, मग पंगत बसली. चिंचेखाली तात्यांचा थोरला मुलगा खर्चाची वही घेऊन बसला होता. त्या वहीकडे शेवटी येतो.

या मुलाण्याचं नाव आपल्या गावगाड्यात जुनं आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहिला, त्यात बलुतेदारांबरोबर मुलाणाही येतो. हिंदूंच्या जत्रेतलं बोकडही त्यानंच कापायचं आणि आपला वाटा न्यायचा, हे अनेक गावांत ठरलेलं होतं. त्याला कोणी सर्वधर्मसमभाव म्हणत नव्हतं, बलुतं म्हणत होतं.

हे सांगायचं कारण म्हणजे मागच्या भागानंतर आलेला एक फोन. मागच्या वेळी आपण अशोकाचा पहिला शिलालेख पाहिला. इथे कोणताही जीव मारून आहुती देऊ नये, असं त्यात आहे. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीन : दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे तेही बंद होईल असं आश्वासन. फोनवर विचारलं गेलं, “सर, अशोकानं बंद केलं म्हणता, मग आपल्या सातवाहनांनी घोडे मारायचं परत कसं काय सुरू केलं? आणि त्यांचीच तर बौद्ध लेणी आहेत ना?”

प्रश्न सरळ आहे. तेरावा शिलालेख भोजांचं आणि पेतेनिकांचं नाव घेतो आणि पेतेनिक म्हणजे पैठणकडचे लोक असं बरेच अभ्यासक मानतात. सोपाऱ्याला तर अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेच मिळाले, आठव्याचा १८८२ साली आणि नवव्याचा १९५६ साली. म्हणजे त्याचा शब्द आपल्या मुलखापर्यंत पोचला होता. मग मौर्य गेले, पैठणला सातवाहन आले आणि त्यांच्या दुसऱ्यातिसऱ्या राजाच्या काळातच अश्वमेध झाले.

उत्तर शोधायला नाणेघाटात जावं लागतं. जुन्नरहून घाटाच्या तोंडाशी पोचलं की कातळात कोरलेला तो प्रसिद्ध रांजण दिसतो. जकातीचा म्हणतात. जवळच्या लेण्यात मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलं आहे. डाव्याउजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. विल्यम साइक्सनं १८२८ साली तो पाहिला, पुढे भगवानलाल इंद्रजींनी वाचला. इ.स.पू. पहिल्या शतकातला हा लेख ठिकठिकाणी फुटला आहे.

सुरुवातीला नमन. धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्यांना, मग यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. इंद्र वेदातला जुना धनी. संकर्षण-वासुदेव म्हणजे बलराम-कृष्ण, त्या काळी नव्यानं जोर धरलेल्या भागवत भक्तीचे देव. दोघे एकाच ओळीत. राणी स्वतःबद्दल सांगते की ती महिना महिना उपास करणारी आहे, घरात राहून तापशीसारखी जगणारी आहे. आणि मग सुरू होते यादी.

ती यादी वाचताना मला तर दुकानातली खतावणी आठवते. अग्न्याधेय, दक्षिणा १२ गाई आणि १ घोडा. दुसऱ्या एका यज्ञाला १७०० गाई, १० हत्ती. राजसूय. अश्वमेध, तोही दोनदा. कुठे एक चांगलं गाव दिलं, कुठे रोख २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. भगाल-दशरात्राला १०,००१ गाई, गवामयनाला ११०१. यज्ञ बघायला जमलेल्या आणि वरकाम करणाऱ्या मंडळींना ६००१ कार्षापण.

६००१ हा आकडा वाचून मी थांबलो होतो. आपण आहेराच्या पाकिटात १०० घालत नाही, १०१ घालतो. वरचा एक का, हे आजीला विचारलं की ती म्हणायची, पुढे चालू राहावं म्हणून. नाणेघाटातल्या त्या वरच्या एकाचं कारणही तेच होतं असा माझा दावा नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीच्या हिशेबात तो वरचा एक भेटला की ती एकदम ओळखीची वाटते.

आणखी एक गोष्ट. दान दिलेल्या जिवंत जनावरांचा आकडा या लेखात एक एक मोजून दिला आहे. यज्ञात किती मारली, याचा आकडा वाचता येणाऱ्या भागात कुठेच नाही. अशोकाचं नेमकं उलटं. त्यानं मारलेल्यांची मोजदाद केली, अगदी दोन मोरांपर्यंत. राजा काय मोजतो यावरून त्याला कशाचा अभिमान आहे ते कळतं. अशोकाला कमी झालेल्या कत्तलीचा होता, नागनिकेला वाटलेल्या धनाचा.

आता फोनवरच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ नंबरचं एक छोटं लेणं आहे. सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना ते कोरवलं गेलं, असं त्याच्यावरच लिहिलंय. कोरवणारा कोण, तर नाशिकमधला श्रमणांचा महामात्र. श्रमणांची कामं बघायला सरकारी अधिकारी नेमायचा ही थेट अशोकाची वहिवाट. म्हणजे सातवाहनांनी अशोकाचं खातं बंद केलंच नव्हतं, शेजारी यज्ञाचं नवं खातं उघडलं. घोडा परत आला, पण भिक्खू कुठे गेले नाहीत.

पांडवलेण्यांतच या दोन खात्यांचा सगळ्यात चोख हिशेब सापडतो, आणि तो सातवाहनांचा नाही, त्यांच्या शत्रूचा आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात. शक माणूस, बाहेरून आलेल्यांचा वंशज. १० नंबरच्या लेण्यात तो आपली दानं सांगतो : तीन लाख गाई, देवब्राह्मणांना १६ गावं, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवण. प्रभासला ब्राह्मणांना आठ बायका दिल्या, असंही आहे. त्यांची लग्नं लावून दिली असा त्याचा अर्थ लावतात. गाई आणि गावांच्या रांगेत बायकाही बसल्या आहेत, ते वाचून पुढे जाववत नाही. आणि हे सगळं कोरलंय कुठे, तर त्यानं बौद्ध भिक्खूंसाठी खोदवलेल्या लेण्यात.

त्या भिक्खूंसाठी त्यानं ३००० कार्षापण नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. आपण पतसंस्थेत ठेव ठेवतो तसंच. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक पैसा इकडे तिकडे नाही. उरलेल्या १००० चं व्याज भिक्खूंच्या किरकोळ खर्चाला. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला गेला. ब्राह्मणांना गाई देणाऱ्या शकानं भिक्खूंच्या चीवरांसाठी विणकरांकडे ठेवलेली ही ठेव. विणकर कोणत्या देवाचे होते, हे विचारायची त्याला गरजच पडली नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राचा छाप वरून मारलेला. नाण्यावरचा शत्रू त्यानं ठोकून पुसला. शत्रूनं धर्माला दिलेल्या जमिनीचं त्यानं काय केलं?

३ नंबरच्या लेण्यात त्याचा हुकूम आहे, त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला लिहिलेला. पश्चिम कखडी गावातलं उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्खूंना दिलं. सोबत सवलती : त्या शेतात सैनिक शिरणार नाहीत, तिथे मिठासाठी कोणी खणणार नाही, सरकारी माणूस दखल देणार नाही. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा हुकूम. दिलेलं शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही, असं कळलं. तेव्हा त्याऐवजी नगराच्या हद्दीतल्या आमच्या शेतातून १०० निवर्तनं द्या. या वेळी राजासोबत राजमातेचंही नाव आहे.

लढाईत जिंकलेलं रान द्यायला राजाचं काही गेलं नाही, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण सहा वर्षांनी त्या शेताची चौकशी झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आजही तलाठी कार्यालयात देवस्थान इनामाच्या, म्हणजे वर्ग ३ च्या, जमिनींची प्रकरणं अशीच चालतात. कागदावर जमीन आहे, बांधावर माणूस नाही. उताऱ्यावर देवळाचं नाव असो की मशिदीचं, वर्ग तोच.

एवढ्यावरून सातवाहनांना आजचे पुरोगामी ठरवायला मी तयार नाही. त्याच ३ नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं मुलाच्या पश्चात, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, मोठी प्रशस्ती कोरवली. लेणं दिलं भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना. त्यात मुलाचं कौतुक काय, तर तो एकमेव ब्राह्मण, शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा, क्षहरातांचा वंश निर्मूळ करणारा आणि चार वर्णांचा संकर थांबवणारा. वर्णसंकर थांबवल्याची शेखी बुद्धाच्या भिक्खूंच्या घरात! भिक्खूंना ते टोचलं का, ते भिंत सांगत नाही. सहिष्णुता हा शब्द इथे बसत नाही असं मला वाटतं ते यामुळे. सहिष्णुतेत सहन करणं असतं. या लेखांत कुणी कुणाचं काही सहन करत नाही. जो तो आपल्या पुण्याचं खातं भरतोय, आणि एका माणसाची दोन-तीन खाती असायला कुणाची हरकत नाही. माणसामाणसांतली उतरंड मात्र कुठल्याच खात्यात हललेली नाही.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. इराणात पर्सेपोलिसला पहिल्या दारियसच्या काळच्या कोठारांच्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. कोणत्या देवाच्या बलीसाठी किती धान्य, किती मद्य दिलं, याच्या त्यात नोंदी. राजा अहुरमज्दाचा भक्त, पण एलाम्यांचा जुना देव हुंबान याच्या नावावर अहुरमज्दापेक्षा जास्त माल गेलेला दिसतो.

रोमनं मात्र दुसरी वाट धरली. सम्राट डेसियसनं इ.स. २५० च्या सुमारास फर्मान काढलं : प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले मिळालेत. मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर अर्घ्य ओतलं, बळीचं मांस चाखलं, तरी दाखला मिळावा, अशा धर्तीचे अर्ज आणि खाली अधिकाऱ्यांची सही. ख्रिस्ती लोकांची पंचाईत झाली ती इथे. बोकड दुसऱ्यानं कापलं तर त्यांची तक्रार नव्हती. स्वतः खाऊन सही घे म्हटल्यावर कित्येकांनी तुरुंग पत्करला. दीडशे वर्षं होत नाहीत तोवर ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसनं ३९१-९२ साली बळी द्यायलाच बंदी केली. आधी न दिला तर गुन्हा, मग दिला तर गुन्हा. तात्यांच्या माळकरी सुनेला तो रस्सा चाखून दाखला आण म्हटलं असतं, तर मळ्यात काय झालं असतं याची कल्पना करा.

पैसा कुणाचा, हा प्रश्न उरतोच. नाणेघाटाच्या गाई आणि कार्षापण घाटातून जाणाऱ्या मालाच्या जिवावर होते, हे रांजणाकडे पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीची लेक अहिल्याबाई होळकर. तिनं काशी, सोमनाथ, गयेपर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्या बऱ्याच अंशी खासगीतून. होळकरांच्या घरात खासगी आणि दौलत ही दोन खाती वेगळी होती. धर्मादायाचा पैसा रयतेच्या वसुलीतून जातोय की स्वतःच्या उत्पन्नातून, हे तिथे वहीवरून कळत होतं. नागनिकेच्या भिंतीवर जमेची बाजूच नाही, सगळा खर्चच आहे.

पुढच्या रविवारी तेरला जाऊ. तिथलं विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ मागून गोल आहे, चैत्यगृहासारखं. ते आधी कुणाचं होतं, यावर बोलायचं आहे.

तर ती वही. जेवणं झाल्यावर तात्यांच्या मुलानं ती माझ्यासमोर धरली, बेरीज तपासायला. डाव्या पानावर आठ दिवसांपूर्वीचं जागरण : वाघ्या-मुरळी ११०१, भंडार-खोबरं. उजव्या पानावर कंदुरी : मुलाणी ५०१, चादर २५१, मलिद्याचा गूळ आणि गहू. खाली दोन्ही पानांची मिळून एकच बेरीज. आचाऱ्याचा आकडा मात्र दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला होता, आणि त्यावरून चिंचेखाली अजून घासाघीस चालू होती.