बॉम्बे रक्तगट: एका शर्करेची कथा

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड… उपनगरांत गणेशोत्सव आला की मंडळांची रक्तदान शिबिरं भरतात. दात्यांच्या हाती ए, बी, एबी किंवा ओ अशी नोंद असलेली कार्डं पडतात. या अक्षरांमागे साध्या शर्करा आहेत, आणि ते कळण्यात परळच्या एका प्रयोगशाळेचा वाटा आहे, याचा मुंबईकरांना विसर पडू नये असं मला मनापासून वाटतं.

३ मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये परळच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांचं टिपण प्रसिद्ध झालं. मुंबईतल्या काही व्यक्तींच्या लाल पेशी तपासणीत ओ ठरत होत्या, पण त्यांचं रक्तद्रव इतरांच्या ओ पेशींनाही गोठळवत होतं. म्हणजे ज्याला सर्वांना चालणारं रक्त मानलं जातं, तेच या रुग्णांना घातक ठरणार होतं. त्याच टिपणावर लंडनच्या चार शास्त्रज्ञांचीही नावं होती: रेस, सॅंगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स.

यातल्या विनिफ्रेड वॉटकिन्स (१९२४-२००३) यांनी रक्तगटांच्या शर्करा-रसायनालाच आयुष्य वाहिलं. लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन यांच्याबरोबर त्या काम करत. लाल पेशींतून रक्तगटाचे पदार्थ अत्यल्प मिळतात. म्हणून दोघांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या गाठींमधला द्रव वापरला. त्यात हेच गटनिर्देशक भरपूर असतात, ग्लायकोप्रोटीनच्या रूपात: प्रथिनाचा कणा आणि त्याला लागलेल्या शर्करांच्या साखळ्या.

पण त्यातली कोणती शर्करा गट ठरवते? उत्तर शोधण्याची त्यांची युक्ती मला विलक्षण वाटते. ईल माशाचं रक्तद्रव ओ पेशींना गोठळवतं. त्यात आधीच एखादी शुद्ध शर्करा मिसळली आणि गोठळणं थांबलं, तर त्यातल्या गोठळवणाऱ्या घटकाने ती शर्करा ओळखली असं समजायचं. एल-फ्यूकोज नावाच्या शर्करेने ते थांबलं. ए गटासाठी एन-असिटाइलगॅलॅक्टोसामाइन, बी साठी गॅलॅक्टोज अशी उत्तरं याच मार्गाने मिळाली.

आता परळच्या त्या शोधाची गोष्ट उलगडते. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज जोडलं की तयार होतो ‘एच’. ओ गटात तो तसाच राहतो. ए किंवा बी असेल तर त्यावर आणखी एक शर्करा चढते. एच हा पाया. तो नसेल तर वरचा मजला बांधायचा कशावर? मुंबईच्या त्या रक्तात, म्हणजेच बॉम्बे गटात, नेमका पायाच नव्हता. म्हणून त्या व्यक्तींच्या रक्तद्रवात ए, बी आणि एच या तिघांविरुद्ध प्रतिपिंडं असत.

यातून वॉटकिन्स यांनी पुढचा विचार मांडला: जनुक शर्करा बनवत नाही, शर्करा जोडणारं विकर (एन्झाइम) बनवतं. १९९० मध्ये एच आणि ए या दोन्ही विकरांची जनुकं वेगळी काढली गेली आणि तो विचार खरा ठरला. ए आणि बी विकरांत, साडेतीनशेहून अधिक अमिनो आम्लांपैकी अवघ्या चारांचा फरक निघाला! वॉटकिन्स यांना १९८८ मध्ये रॉयल मेडल मिळालं. मॉर्गन आणि त्या २००३ या एकाच वर्षी गेल्या. मॉर्गन तेव्हा १०२ वर्षांचे होते.

बॉम्बे गटाच्या माणसात ए किंवा बी जनुक मुकाट पडून असू शकतं. जोडीदाराकडून चालणारं एच जनुक मिळालं की मुलात ते उघड होतं. १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबात हेच दाखवलं: ओ दिसणाऱ्या आईकडून मुलीला बी मिळाला होता. हे ठाऊक नसेल तर पितृत्वाविषयी किंवा रुग्णालयात मुलांच्या अदलाबदलीविषयी नाहक संशय येऊ शकतो, याची जाणीव प्रत्येक डॉक्टरला हवी.

भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईतलं प्रमाण सुमारे ७,६०० मागे एक असं नोंदवलं. युरोपात हा गट दहा लाखांत एखादाच. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त सापडतो, कारण आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं.

या माणसांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. म्हणून नुसत्या कार्डावरच्या चाचणीवर भिस्त नको. रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवही तपासावं, त्यात ओ पेशींचा वापर हवाच, आणि शंका आली तर एच-विरोधी द्रव वापरून खात्री करावी. दाता बॉम्बे गटाचा निघाला तर त्याच्या भावंडांचीही तपासणी करायला सांगावं: प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते.