साठीनंतरचा खेळ

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा त्यातली शेवटची लेव्हल साठावी होती. नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याला तिथवर पोचायला काही महिने लागत. या काळात पुढे काय करायचं हा प्रश्न त्याला कधी पडत नसे. वाटेत कुणाच्या तरी डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह दिसायचं, तो चार रानडुकरं मारून यायला सांगायचा, काम झालं की पडद्याच्या तळाशी असलेली अनुभवाची पट्टी जराशी पुढे सरकायची. पट्टी भरली की लेव्हल वाढली. साठावी लागली की अंगाभोवती नेहमीसारखा सोनेरी झोत उसळायचा आणि मग ती पट्टीच गायब. महिन्याची वर्गणी मात्र चालू.

यानंतर माणूस तिथे का थांबतो? काही जण तर वीस वर्षं थांबलेत. कंपन्यांनी त्याला थांबवण्याचे दोन मार्ग शोधले. एक, त्याला रोज कामाला लावायचं. दुसरा, त्याची कुणाला तरी गरज पडेल अशी रचना करायची. पहिला स्वस्त आणि मोजायला सोपा. दुसरा महाग आणि कटकटीचा, पण टिकतो तो दुसराच, असं माझं मत आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा आढावा कुणी तटस्थ समजून वाचणार नाही.

या खेळांचा मूळपुरुष ‘मड’. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. गुण साठवत वर चढायचं आणि शेवटच्या पायरीवर ‘विझर्ड’ व्हायचं. विझर्डला खेळात जिंकण्यासारखं काही उरत नसे, पण त्याच्या हाती सत्ता येई. कोण कुठे आहे ते पाहणं, वस्तू हव्या तिथे हलवणं, दंगा करणाऱ्याला बाहेर काढणं, सगळं त्याच्या अखत्यारीत. जो खेळ संपवेल त्याने खेळ चालवायचा! पुढे या विझर्डांमध्येच वाद पेटला की लोकांना यातून नेमकं हवं तरी काय असतं. त्या वादातून बार्टलने १९९६ साली आपला गाजलेला निबंध लिहिला. काहींना कमवायचं असतं, काहींना कानाकोपरे धुंडाळायचे असतात, काहींना माणसं हवी असतात आणि काहींना दुसऱ्याला छळण्यातच मजा येते, अशी त्याची वर्गवारी. शेवटची लेव्हल लागली की अडचण होते ती मुख्यतः पहिल्या गटाची. बाकीचे तिघे आपापल्या उद्योगात असतात, लेव्हल लागल्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही.

खेळाडू लाखांत गेल्यावर प्रत्येकाला विझर्ड करणं शक्यच नव्हतं. मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने मग दुसरा तोडगा काढला. इथे पन्नासाव्या लेव्हलचा माणूसही एकट्याने मारू शकणार नाही असे ड्रॅगन होते. त्यांच्यासाठी मोठी टोळी जमवावी लागे. ड्रॅगन मेला की हाती चार-दोन वस्तू लागायच्या आणि डोकी पन्नास. भांडणं ठरलेली. त्यावर तिथल्याच एका गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या मंडळाने, १९९९ मध्ये ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ची वही सुरू केली. मोहिमेला हजर राहिलात तर गुण जमा, वस्तू उचललीत तर गुण वजा. आपल्याकडच्या भिशीत आणि यात फरक एवढाच की भिशीत नंबर कधी लागणार ते माहीत असतं. ही पद्धत कुठल्या कंपनीने दिलेली नव्हती. रिकाम्या हातांच्या लोकांनी स्वतःच उभी केली, आणि पुढची अनेक वर्षं जगभरचे गिल्ड तिच्यावर चालले.

वॉरक्राफ्टने हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं. साठाव्या लेव्हलच्या लोकांसाठी ‘मोल्टन कोअर’ ही लाव्ह्याने भरलेली गुहा होती. चाळीस माणसं, दहा बॉस, शेवटी रॅग्नारोस हा अग्निदैत्य. एका संध्याकाळी तिथे काय चालायचं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ठरलेल्या वेळेच्या आधी अर्धा तास वॉरलॉक मंडळी उशीर करणाऱ्यांना जादूने ओढून आणत असत. मॅगमाडार नावाच्या दोन तोंडांच्या कुत्र्याला मध्येच चेव येई. तो उतरवायला शिकाऱ्यांचा एक खास बाण लागे, आणि तो कुणी कोणत्या क्रमाने मारायचा हे आधी ठरलेलं असे. क्रम चुकला तर पुढे उभा राहून वार झेलणारा टँक मरणार, टँक मेला की बाकीचे एकोणचाळीस. रॅग्नारोसच्या कारभाऱ्याला बाहेर काढायचं तर आधी सात धगधगत्या मुद्रा विझवाव्या लागत. त्यासाठीचं पाणी अझशारा नावाच्या दूरच्या किनाऱ्यावर, एका जलसरदाराकडून, त्याची मर्जी संपादन करून आणावं लागे. म्हणजे मोहीम रात्री, पण कुणीतरी दुपारीच पाण्याला गेलेला असायचा.

त्यातही ‘थंडरफ्युरी’ या तलवारीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचे दोन बंध दोन वेगळ्या बॉसकडून मिळत, एक गारकडून आणि दुसरा बॅरन गेडनकडून, तेही क्वचितच. एक मिळाला आणि दुसऱ्याची वाट पाहण्यात महिनोन् महिने गेले, असे टँक गिल्डागणिक सापडत. तलवार एकालाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक असूनही बाकीचे तिच्यासाठी धातू वितळवत बसायचे, कारण टँक बळकट झाला तर सगळ्यांचंच भलं. खोट्या जगातला हा व्यवहार मला अनेक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांपेक्षा जास्त समजूतदार वाटतो.

जानेवारी २००६ मध्ये याच खेळाने ‘आन्किराज’ या बंद नगरीची वेस उघडायचा घाट घातला. प्रत्येक सर्व्हरवरच्या दोन्ही वैरी पक्षांनी धातू, कातडी, वनस्पती, शिजवलेलं अन्न आणि बँडेजं यांचे डोंगर रचायचे. कोठारं भरल्यावर लांबलचक मोहीम पुरी करून राजदंड मिळवलेला खेळाडू घंटा वाजवणार आणि वेस उघडणार. यात साध्या लिनन बँडेजांचाही हिशेब होता, म्हणजे विसाव्या लेव्हलचा नवखाही कामाचा ठरला. वेस उघडायच्या दिवशी एवढी गर्दी लोटली की अनेक सर्व्हर कोसळले. गैरसोय भरपूर, तरी त्या काळचे लोक अजून आठवण काढतात ती याच दिवसाची.

जुन्या काळाचं फार कौतुक करायचंही कारण नाही. झेरॉक्सच्या पार्क संशोधनसंस्थेतले निकोलस डुशेनो, निक यी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली वॉरक्राफ्टच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोक बराचसा वेळ एकेकटेच खेळताना आढळले. इतरांच्या गराड्यात, पण एकटे. चाळीस जणांची मोहीम ही खेळातली चैन होती. आठवड्यातले चार दिवस चार-चार तास मोकळे असणाऱ्यालाच ती परवडे. कंपनीनेही ते ओळखलं. जानेवारी २००७ च्या ‘बर्निंग क्रुसेड’मध्ये चाळीसचे पंचवीस झाले, काही ठिकाणी दहा. डिसेंबर २००९ मध्ये बटण दाबून अनोळखी सोबती मिळवून देणारी सोय आली, आणि २०११ च्या अखेरीस मोठ्या मोहिमांसाठीही तीच. मूल झोपल्यावर जेमतेम तासभर मिळणाऱ्या आईबापांना यामुळे पहिल्यांदाच ड्रॅगन दिसला. पण जे चार जण सोबत आले त्यांची नावं वाचण्याचंही कारण उरलं नाही.

दरम्यान लेव्हलची हद्द वर सरकत राहिली. २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, मग ८५, ९०, १००, ११०, १२०. शेवटी आकडे फारच फुगले म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये १२० वाल्यांना खाली ओढून पन्नासावर आणलं, आणि नोव्हेंबरात हद्द पुन्हा साठ केली. दर दोन वर्षांनी नवा विस्तार येणार, आणि काल जिवापाड कमावलेली तलवार आज रानडुकराकडून मिळणाऱ्या तलवारीपुढे फिकी पडणार. खेळाडू याला ट्रेडमिल म्हणतात आणि कुरकुरत पुन्हा तिच्यावर चढतात.

दोन विस्तारांच्या मधल्या काळासाठी रोजची कामं आली. तीच सहा माकडं आज मारायची, उद्या मारायची. सप्टेंबर २०१२ च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडेरिया’मध्ये रोजच्या कामांवरची पंचवीसची मर्यादा काढली. ऐकायला हे औदार्य वाटतं. पण चांगलं चिलखत विकत घ्यायचं तर काही गटांची मर्जी लागे आणि ती मर्जी या कामांतूनच मिळे. मर्यादा गेल्यावर सक्ती तेवढी उरली. पुढच्या विस्तारात, २०१४ साली, प्रत्येकाला स्वतःची गढी दिली. हाताखालची माणसं मोहिमेवर पाठवायची, स्वतःच्या खाणीत खणायचं, स्वतःच्या मळ्यात वनस्पती तोडायच्या. बाहेर पडायचं कारणच नाही! ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर गेलेली सभासदसंख्या या विस्ताराच्या आरंभी पुन्हा १ कोटीच्या वर गेली होती. वर्ष सरायच्या आत ती ५५ लाखांच्या आसपास आली, आणि मग कंपनीने आकडा सांगणंच बंद केलं. गढी हे एकच कारण नव्हतं, नवा मजकूरही कमी पडला होता. पण ओस पडलेल्या राजधानीत कोण किती दिवस रमणार?

उलट टोकाचं उदाहरण जपानचं. ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’ २०१० मध्ये आला तोच सपशेल आपटला. त्याच डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातून चंद्र कोसळवून ते जग रीतसर बुडवलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने उभं केलं. योशिदा उघडपणे सांगत आलेत की करायचं संपलं असेल तर वर्गणी थांबवा, दुसरे खेळ खेळा, नवा भाग आला की परत या. वर्गणीवर पोट असलेल्या खेळाच्या प्रमुखाने हे म्हणणं धाडसाचंच. लोक परत आलेही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘एंडवॉकर’च्या वेळी एवढी झुंबड उडाली की कंपनीने काही आठवडे खेळाची विक्रीच थांबवली.

या खेळात एकाच पात्राला सगळे व्यवसाय शिकता येतात. जादूगार शिखरावर पोचला की तोच सुतारकाम हाती घेतो, नाहीतर गळ टाकून बसतो. लोक वाद्यवृंद बसवून चौकात कार्यक्रम करतात, घरं सजवतात. घरावरून आठवलं, योशिदांच्या उदारपणाला इथे एक टाचणी लागते. गल्लीतल्या प्लॉटवर घेतलेल्या घरात ४५ दिवस पाऊल टाकलं नाही तर ते पाडलं जातं. प्लॉट मोजकेच आणि रांग मोठी, त्यामुळे नियम अन्यायाचा म्हणता येत नाही. पण नुसतं घर वाचवायला वर्गणी भरणारे, महिन्यातून एकदा दार उघडून आत डोकावून जाणारे लोक यातून तयार झाले.

काही खेळांनी हद्द हलवलीच नाही. पहिला ‘गिल्ड वॉर्स’ २००५ चा, हद्द २०, शेवटपर्यंत. दुसरा २०१२ चा, हद्द ८०, अजून तीच. दहा वर्षांपूर्वी कमावलेलं चिलखत तिथे आजही चालतं, त्यामुळे लोक रंगसंगतीच्या मागे लागतात आणि स्वतःच त्याची थट्टाही करतात. ‘रूनस्केप’ने उलट डोंगरच उंच केला. तिथे कौशल्याची मूळ हद्द ९९, पण ९२ व्या लेव्हलला लागणारा अनुभव ९९ च्या जवळजवळ निम्मा असतो. शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या सगळ्या पायऱ्यांइतकाच घाम. आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये तर शेवटची लेव्हलच नाही. कौशल्यं तुम्ही झोपलेले असतानाही घड्याळाप्रमाणे वाढतात आणि बाकी सगळं खेळाडूंच्या राजकारणावर सोडलेलं. २७ जानेवारी २०१४ ला एका सूर्यमालेचं भाडं भरलं गेलं नाही, एवढ्या कारणावरून तिथे एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांवर लोक उतरले, ७५ अजस्र टायटन जहाजं नष्ट झाली, नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरचा. याला काय म्हणावं, करमणूक की भाऊबंदकी!

भारतात या सगळ्याला वेळेची अडचण आहे. कोरियाचा ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ २००० च्या दशकात इथे रीतसर चालवला गेला होता. त्यात ९९ व्या लेव्हलला पोचलेला खेळाडू वाल्किरीकडे जाऊन पुनर्जन्म घेई आणि पहिल्या लेव्हलपासून, अधिक ताकदीचा होऊन, सुरुवात करी. आपल्याकडच्या पोरांना ही कल्पना समजावून सांगावी लागली नसणार. तो सर्व्हर बंद पडला. वॉरक्राफ्ट खेळणारा पुण्या-मुंबईचा माणूस परदेशी सर्व्हरवरच जातो. युरोपातल्या गिल्डची रात्री आठची मोहीम म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. न्यूयॉर्कची आठची म्हणजे सकाळचे साडेसहा, दूधवाला आणि डबा यांच्या मध्ये. सिडनीची त्यांच्या उन्हाळ्यात दुपारी अडीच, ऐन ऑफिसात. न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला जे जेवण उरकून करता येतं, त्यासाठी पुण्यातल्याला पहाटे उठावं लागतं. शिवाय पिंग. शत्रूने जमिनीवर आग लावलेली इथे पाव सेकंद उशिरा दिसते आणि तेवढ्यात जखमा भरणाऱ्या हीलरचा हात मरणाऱ्याला लागत नाही. म्हणून चाळिशीतले बरेच जण लिलावघरात मालाची खरेदी-विक्री करतात, जुनी वाहनं आणि पाळीव प्राणी गोळा करतात. त्यांच्यावर मोहीम अडत नाही, पण बाजारात त्यांच्या औषधी कुपीवाचून कुणाचं तरी अडतं. तेवढं पुरत असावं.

आणि सरतेशेवटी ते लोक, ज्यांनी चढण्याचा रस्ताच नाकारला. पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये सुरुवातीचा एक हिरवागार प्रदेश आहे. तिथून पुढे गेलं की तो कायमचा जळून जातो. काहींनी तिथेच राहून विसावी लेव्हल गाठायचं ठरवलं. पण तिथले दुबळे प्राणी मारून काही काळाने अनुभवच मिळेना. मग त्यांनी उलटा डाव मांडला. प्राण्यांच्या हातून पुन्हा पुन्हा मरायचं, म्हणजे प्राण्यांची लेव्हल वाढते, आणि मग त्यांना मारायचं. कंपनीने अशांसाठी ‘लेजंडरी डिफेंडर ऑफ अॅस्कालॉन’ हा किताब ठेवला. वॉरक्राफ्टमध्ये ‘डबलएजंट’ नावाच्या पांडाने कोणत्याही पक्षात जायला नकार दिला, सुरुवातीच्या बेटावरून पाय बाहेर टाकला नाही आणि नुसती फुलं तोडून, खनिजं खणून नव्वदावी लेव्हल गाठली. पुढच्या विस्तारात हद्द शंभरावर गेली, तेव्हा तो पुन्हा त्याच बेटावर फुलं तोडायला लागला.