जुन्या टॅबचा सांभाळ कोणी करायचा?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल जेमतेम दोन वर्षांपूर्वीचे होते. दोन जीबी रॅमवर नवे पोषण ट्रॅकर ॲप नीट चालेना, मोबाइल तापत, मध्येच अडकत. शिवाय ॲप इंग्रजीत. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नांदेड-लातूरच्या सोयाबीन उत्पादकावर बांधावर उभे राहून मोबाइलवरून पीकनोंद करायची वेळ आली. इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना महाज्योती ही शासकीय संस्था नीट-जेईईच्या तयारीसाठी मोफत टॅब देते, आणि नीट म्हटले की लातूर आलेच. इतके सगळे या यंत्रांवर येऊन बसले, तरी खरेदीनंतर त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल कोणी आणि किती वर्षे करायची, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते ही देखभाल सार्वजनिक काम मानली पाहिजे, आणि ती मराठवाड्यातल्या संस्थांना जमण्यासारखी आहे.

अँड्रॉइडचा पाया लिनक्स कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. चिप बनवणारी कंपनी एका वेळचा कर्नल उचलते, त्यात कॅमेरा, मोडेम, स्क्रीन चालवणारे आपले ड्रायव्हर घालते आणि मोबाइल कंपनीच्या हवाली करते. मूळ कर्नलमधले दोष जगभरचे लोक सतत दुरुस्त करत असतात, पण बाजूला काढलेल्या त्या प्रतीपर्यंत दुरुस्ती आपोआप पोचत नाही. कोणीतरी ती आणून जोडावी लागते. कंपनी पुढच्या मॉडेलकडे वळली की हे जोडकाम थांबते. यंत्र धडधाकट असते, पण सुरक्षेची भोके उघडी राहतात आणि नवी ॲप त्यावर उतरेनाशी होतात.

थांबलेले हे काम उचलणारे प्रकल्प आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती बंद पडली आणि त्यातून लिनीएजओएस उभे राहिले. कंपनीने सोडून दिलेल्या मोबाइलवर ते नवे अँड्रॉइड आणते. २०१७ पासूनचे पोस्टमार्केटओएस आणखी मुळाशी जाते: अँड्रॉइड बाजूला ठेवून साधे लिनक्स, शक्य तिथे थेट मूळ कर्नलवर, आणि उद्दिष्ट मोबाइल दहा वर्षे वापरता यावा हे. २०१८ मध्ये भारतात आलेला पोको एफ१ अशा मूळ कर्नलवर चालवता येतो. फेअरफोन या डच कंपनीने २०१५ चा फेअरफोन २ मार्च २०२३ पर्यंत अपडेट देत सांभाळला, तोही चिप कंपनीने हात काढून घेतल्यानंतर. सांभाळणाऱ्याचे काम मात्र कंटाळवाणे असते. नवा कर्नल आला की तो बांधायचा, मोबाइलवर चढवायचा, कॉल लागतो का, समोरच्याला आवाज जातो का, स्क्रीन बंद असताना बॅटरी उतरते का, हे पुन्हा पुन्हा पाहायचे. बिघडले तर शेकडो बदलांमधून नेमका कोणता बदल नडला ते निम्म्या-निम्म्याने हुडकायचे. इथे हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

आपल्याकडे हे काम झालेले आहे, आणि अर्ध्यावर सुटलेलेही आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ या स्वस्त सरकारी टॅबचे लोकार्पण झाले. ऑलविनर ए१३ चिप, ५१२ एमबी रॅम, सात इंची स्क्रीन. मुंबईच्या आयआयटीतल्या चमूने या टॅबसाठी मेमरी कार्डावरून सुरू होणारे पुरे ग्नू-लिनक्स तयार केले होते. म्हणजे सेविकांना मिळालेल्या मोबाइलच्या चौथा हिस्सा रॅमवर डेस्कटॉपसारखी सिस्टिम चालत होती. पुढे प्रकल्प आटोपला आणि टॅब विस्मरणात गेला. ए१३ चिप मात्र मूळ लिनक्स कर्नलमध्ये अजून आहे, कारण लिनक्स-सुन्शी नावाच्या समुदायाने आणि इतरांनी तिचा कोड तिथे नेऊन रुजवला. टॅब सरकारी पैशाचा, त्याची चिप जिवंत ठेवली ती परक्या माणसांनी. या वस्तुस्थितीची मला खंत वाटते.

देखभाल हे सार्वजनिक काम, ही कल्पना मराठवाड्याला नवी नाही. गावोगावचा इंडिया मार्क-२ हातपंप जालना आणि सोलापूर इथल्या पंपांच्या प्रयोगांतून १९७० च्या दशकात घडला. त्याआधीचे बिडाचे पंप मोठ्या संख्येने बंद पडत. नव्या पंपाचा आराखडा कोणाच्या पेटंटखाली नव्हता, कोणताही कारखाना त्याचे सुटे भाग बनवू शके, आणि दुरुस्तीसाठी माणसे नेमली गेली. तो टिकला तो या तीन गोष्टींच्या जोरावर. टॅबच्या बाबतीत आराखडा म्हणजे कर्नलचा सोर्स कोड, आणि तो जीपीएल परवान्यानुसार ग्राहकाला द्यावाच लागतो. स्वस्त टॅब विकणारे अनेकजण तो देत नाहीत, कारण कोणी मागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप यूपीआयचा. बदललेली सिस्टिम दिसली की अनेक बँकांची ॲप चालायला नकार देतात, आणि ज्याच्याकडे एकच मोबाइल आहे त्याला सिस्टिम बदलण्याचा सल्ला देणे चूक ठरेल. आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे खासगी मोबाइलबद्दल नसून सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्रांबद्दल आहे, ज्यांवर बँकेचे काम चालत नाही. दुसरा आक्षेप, रॅम तर वाढत नाही ना? नाही वाढत. परंतु कंपनीने भरून पाठवलेली अनावश्यक ॲप काढलेली हलकी सिस्टिम त्याच रॅममध्ये कामाच्या ॲपला जास्त जागा देते. आणि जड ॲपची जबाबदारी ते लिहिणाऱ्यांची, सेविकेची नव्हे. नवे घेणेच स्वस्त, असेही म्हटले जाईल. एका टॅबपुरते ते खरे असेल. एकाच मॉडेलचे हजारो नग घेतल्यावर हिशेब पालटतो, कारण एका मॉडेलसाठी केलेले काम प्रत्येक नगाला लागू पडते.

माणसांची अडचण त्यामानाने लहान आहे. नांदेडच्या विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मुले दरसाल नवे ॲप लिहितात आणि निकालानंतर ते तसेच पडून राहते. त्याऐवजी जिल्ह्यात वाटलेले एक मॉडेल विभागाने हाती घ्यावे आणि एका तुकडीने ते पुढच्या तुकडीकडे सोपवावे. विद्यार्थी बदलतात, म्हणून कायमचा पगारी माणूस किमान एक हवाच. स्वयंसेवेच्या नावाखाली फुकट राबवून घेणे मला पटत नाही. आणि या सगळ्याच्या आधी निविदेत तीन अटी हव्यात: कर्नलचा सोर्स कोड खरेदीबरोबर हाती यावा, बूटलोडर उघडण्याची, म्हणजे दुसरी सिस्टिम चढवता येण्याची सोय असावी, अपडेट किती वर्षे मिळणार ते लेखी असावे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. त्याच कंपन्या इथल्या निविदाही भरतात. या अटींमुळे टॅब थोडा महाग पडला, तरी ती रक्कम देखभालीची म्हणून पहिल्याच दिवशी मंजूर व्हावी.