मुंबई ते धमडका: विमानाचा वेळ आणि प्रवासाचा वेळ

कापडाच्या धंद्यात 'विमानाने सव्वा तासाचा रस्ता' असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. या सव्वा तासावर विसंबून वायदा केला तर नुकसान होते. कच्छमधील धमडका या गावाचे उदाहरण घेऊ. खत्री कारागिरांचे हे गाव अजरख छपाईसाठी प्रसिद्ध आहे.

मुंबई ते भुज हे हवाई अंतर सुमारे ५७० कि.मी. आहे. रेल्वेने मात्र ते सुमारे ८४० कि.मी. भरते. कारण, विमान खंभातचे आखात, सौराष्ट्र आणि कच्छचे आखात ओलांडून सरळ जाते, तर रेल्वे सुरत, बडोदा, अहमदाबादवरून वळसा घालते.

ताशी ८०० कि.मी. वेगाने ५७० कि.मी. अंतर पाऊण तासात कापले जायला हवे. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यात आणखी अर्धा तास जातो. म्हणून वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्त दिसतो. पंख्याच्या विमानाला आणखी वेळ लागतो.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडा. दुकानातून विमानतळ १ तास, आधी हजर राहणे दीड तास, विमान सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडणे अर्धा तास. धमडका भुजच्या पूर्वेला सुमारे ५० कि.मी. आहे, म्हणजे मोटारीने आणखी सव्वा तास. एकूण साडेपाच तास झाले.

रेल्वेने संध्याकाळी निघालेला माणूस सकाळी भचाऊला उतरतो. हे स्टेशन भुजच्या आधी लागते आणि तिथून धमडका भुजपेक्षा जवळ आहे. रात्र झोपेत जाते, दिवस वाया जात नाही.

एकदा रमजानच्या मोसमात मी एका दुकानदाराला 'उद्या जातो, परवा माल देतो' असे सांगून बसलो. विमानाने पोहोचलो, तर कापड अजून नीळीच्या हौदातून निघायचे होते. अजरखला हिरड्याचे पाणी, ठशांची छपाई, नीळ, मंजिष्ठाचा रंग आणि पुन्हा पुन्हा धुणे लागते. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. रिकाम्या हाताने परतलो. दुकानदाराने माल दुसरीकडून घेतला. तिकिटाचे पैसे गेले, गिऱ्हाईकही गेले. चूक कारागिराची नव्हती, माझ्या हिशेबाची होती.

विमानाने माणूस लवकर पोहोचतो, माल नाही. गाठी शेवटी ट्रान्सपोर्टनेच येतात. म्हणून व्यापारी बांधवांनी आधी कारागिराला फोन करून माल कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारावे, ट्रान्सपोर्टचे दिवस त्यात मिळवावेत आणि मगच गिऱ्हाइकाला तारीख द्यावी. तिकीट त्यानंतर काढावे.